आठ फुटी टाकी बांधण्याआधी

घरात मासे पाळण्याची हौस दीड-दोन फुटांच्या काचपेटीपासून सुरू होते आणि बहुतेकांची तिथेच थांबते. काहींची मात्र थांबत नाही. दोन फुटी जाऊन तीन फुटी येते, तीन फुटी जाऊन चार फुटी. मग कधीतरी हॉलमधल्या मोकळ्या भिंतीकडे पाहताना वाटतं, इथे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणीच असावं. एवढी टाकी दुकानात सहसा तयार मिळत नाही. ती करवून घ्यावी लागते, नाहीतर स्वतः बांधावी लागते.

प्रस्तुत लेखकाने नाशिकच्या घरी, तळमजल्यावर, आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकी बांधली. टाकी उभी आहे, मासेही मजेत आहेत. पण ती बांधताना जे शिकायला मिळालं, ते काचवाल्याकडे जाण्याआधी माहीत असायला हवं. कारण एवढ्या मोठ्या कामात एकदा काच कापली, जोडली आणि पाणी भरलं की पुढे बदलता येण्यासारखं फार थोडं उरतं. लांबी, रुंदी, उंची, जागा आणि रोजचं पाणी या सगळ्यांचा निकाल कागदावरच लागलेला असावा लागतो.

आधी वजनाचा हिशेब

आठ, तीन आणि अडीच यांचा गुणाकार साठ घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ भरली तर टाकी १,७०० लिटरची. काठापासून दोन-तीन इंच सोडून भरली तरी दीड टनापेक्षा जास्त पाणी झालं. त्यात काचेचं वजन मिळवायचं. काचेचा हिशेब सोपा आहे : एक चौरस मीटर काचेचं वजन जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो. १९ मिलिमीटर जाडीच्या काचेत ही टाकी बांधली तर नुसती काचच साडेतीनशे किलो भरते. तळाला दोन इंच वाळू आणि थोडे दगड टाकले की दोनशे किलो, लोखंडी स्टँड सव्वाशे-दीडशे किलो. सगळं मिळून सव्वादोन टनांच्या पुढे. एक मोठी एसयूव्ही हॉलच्या एका भिंतीला लावून कायमची उभी करावी, असा हा प्रकार.

आता हे वजन कशावर उभं राहणार, ते पाहू. आपल्याकडे इमारतींवरच्या भाराचं मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात दिलेलं आहे. राहत्या घरातल्या खोल्यांसाठी त्यात धरलेला चल भार आहे दर चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दोनशे किलो. माणसं, पलंग, कपाटं, पाहुणे हे सगळं त्यात आलं. दोनशे किलो पाणी एका चौरस मीटरवर पसरलं तर त्याची उंची भरते अवघी वीस सेंटिमीटर. आपल्या टाकीत पाणी असतं सत्तर सेंटिमीटर.

बारा बाय बाराच्या खोलीचं क्षेत्रफळ सुमारे १३.४ चौरस मीटर. साऱ्या खोलीसाठी धरलेला भार होतो २,७०० किलोच्या आसपास. त्यातले सव्वादोन टन एकट्या टाकीने घेतले, तेही खोलीच्या सहाव्या हिश्श्यात, आणि दिवसरात्र. माणसं येतात-जातात, पाणी जात नाही. सतत एकाच ठिकाणी राहणाऱ्या भाराखाली काँक्रीटचा स्लॅब वर्षानुवर्षं किंचित किंचित वाकत राहतो. तो कोसळला नाही तरी टाकीची पातळी बिघडते आणि त्याची शिक्षा काचेच्या सांध्यांना भोगावी लागते.

म्हणून वरच्या मजल्यावर एवढी टाकी ठेवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला इमारतीचे नकाशे दाखवून लेखी सल्ला घ्यावा. तुळई कुठून जाते, कॉलम कुठे आहे, स्लॅबच्या मुख्य सळया कोणत्या दिशेने आहेत, यावर उत्तर ठरतं. तुळईवर किंवा भार पेलणाऱ्या भिंतीलगत ठेवलेली टाकी आणि खोलीच्या मधोमध ठेवलेली टाकी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बाल्कनीचा तर विचारच करू नये. 'आमच्याकडे चार फुटी टाकी दहा वर्षं आहे, काही झालं नाही' हा शेजारचा दाखला इथे कामाचा नाही. चार फुटी टाकीत तीनशे-साडेतीनशे लिटर पाणी असतं. इथे त्याच्या पाचपट आहे.

तळमजलाही आंधळेपणाने सुरक्षित धरू नये. जुन्या घरांत शहाबादी फरशीखाली मुरमाचा भराव असतो आणि तो सगळीकडे सारखा दबलेला असतोच असं नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरी गवंड्याने फरशीवर हातोडीची मूठ ठोकत भिंतीच्या कडेने फेरी मारली, तेव्हा एका कोपऱ्यातल्या दोन फरशा पोकळ वाजल्या. त्या उचलल्यावर खाली मुरूम बोटभर खचलेला दिसला. टाकीच्या मापाची सगळी पट्टी मोकळी करून, चोपून, त्यावर काँक्रीट घातलं आणि मगच स्टँडची मापं दिली. त्या कोपऱ्यावर टाकीचा एक पाय आला असता आणि पाणी भरल्यावर फरशी खचली असती, तर टाकी तिरकी होण्यापेक्षाही वाईट गोष्ट घडली असती : ती पिळली गेली असती. थोडा उतार काच सहन करते, पीळ सहन करत नाही.

उंची जपून ठरवावी

टाकीचं माप ठरवताना सगळ्यांचं लक्ष लांबीकडे असतं. खरी किंमत मोजावी लागते ती उंचीची. पाण्याचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो. टाकी चार फूट लांब असो की चाळीस, अडीच फुटांखालचा दाब तोच. पण उंची वाढली की दाबही वाढतो आणि तो दाब घेणारी काचही वाढते, त्यामुळे समोरच्या काचेवरचा एकूण जोर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो.

आकड्यांत पाहू. आठ फूट लांब आणि दोन फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर समोरच्या काचेवर साधारण ४५० किलोचा जोर येतो. उंची सहाच इंचांनी वाढवून अडीच फूट केली की तोच जोर ७०० किलोच्या घरात जातो. उंची चार फूट केली तर दोन फुटांच्या चौपट. शिवाय हा जोर काचेवर सारखा पसरलेला नसतो. तो तळाकडे वाढत जातो आणि त्याचं केंद्र तळापासून एक-तृतीयांश उंचीवर असतं. म्हणूनच फुटणाऱ्या टाक्या बहुधा खालच्या सांध्याशी दगा देतात.

काचेची जाडी याच हिशेबाने ठरते. टाक्या बांधणाऱ्यांत ३.८ हा सुरक्षा-गुणक रूढ आहे, म्हणजे काच मोडायला जेवढा ताण लागेल त्याच्या जवळपास पावपटच ताण तिच्यावर येऊ द्यायचा. या गुणकाने आठ फुटी टाकीला दोन फूट उंचीसाठी जवळपास १३ मिलिमीटर काच लागते, म्हणजे बाजारातली १५ मिलिमीटरची घ्यावी. अडीच फुटांसाठी १८ लागते, म्हणजे १९ मिलिमीटरची. कुणी १२ मिलिमीटरमध्ये 'वर पट्टी मारून' भागवून देतो म्हणाला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. वरच्या काठाला आतून लावायच्या आडव्या पट्ट्या आणि मधले पूल काचेचा फुगवटा रोखतात आणि मोठ्या टाकीला ते हवेतच. पण ते जाडीला जोड म्हणून, जाडीऐवजी नव्हे.

साधी काच घ्यावी की टफन, हा पुढचा प्रश्न. टफन काच ताकदीने साध्या काचेच्या कित्येक पट असते, पण ती एकदा टफन झाली की तिला भोक पाडता येत नाही, कापता येत नाही आणि फुटली तर एका क्षणात सगळी भुगा होऊन खाली येते. साध्या जाड काचेला चीर गेली तर पुष्कळदा पाणी झिरपण्यापासून सुरुवात होते आणि धावपळ करायला थोडा वेळ मिळतो. सतराशे लिटर पाण्याच्या बाबतीत तो वेळ फार मोलाचा असतो. ड्रेन किंवा ओव्हरफ्लोसाठी भोकं लागणार असतील तर ती कुठे आणि केवढी, हे काचेची ऑर्डर देतानाच सांगावं. सगळ्या कडा घासून घ्याव्यात. कडेला राहिलेला बारीकसा टवका पुढे चिरेचं मूळ ठरतो.

अडीच फूट उंचीचा आणखी एक फायदा टाकी वापरायला लागल्यावर कळतो. स्टँड दोन-सव्वादोन फुटांचा धरला तर स्टुलावर उभं राहून हात तळापर्यंत पोहोचतो. तीन फूट उंच टाकीत वाळूत रुतलेला एक दगड उचलायला खांद्यापर्यंत पाण्यात जावं लागतं. रुंदी मात्र होईल तेवढी वाढवावी. मोठ्या माशाला वळायला रुंदी लागते, उंची नाही.

सांधा : सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महत्त्वाचा

१६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे बर्लिनमधल्या एका हॉटेलच्या मधल्या चौकात उभा असलेला 'अ‍ॅक्वाडोम' फुटला. अ‍ॅक्रिलिकचं ते दंडगोल मत्स्यालय सुमारे १४ मीटर उंच होतं. त्यात दहा लाख लिटर खारं पाणी आणि पंधराशेच्या आसपास मासे होते. पाणी हॉटेल फोडून रस्त्यावर आलं. पहाटेची वेळ होती, म्हणून दोनच माणसं जखमी झाली. तपास करणाऱ्या तज्ज्ञाने पुढच्या वर्षी तीन शक्यता मांडल्या : चिकटवलेला सांधा सुटला असावा, दुरुस्तीसाठी टाकी रिकामी ठेवली तेव्हा अ‍ॅक्रिलिक सुकलं असावं, किंवा त्या कामात तळाजवळ खाच पडली असावी. कारण एकच म्हणून सिद्ध झालं नाही. पण तिन्ही शक्यतांचा धडा घरच्या टाकीलाही लागू होतो. सांधा, रिकामी ठेवण्याचा काळ आणि बारीक इजा, या तिन्हींकडे घरचा बांधणारा सहज दुर्लक्ष करू शकतो. त्याआधी, २०१२ च्या डिसेंबरात, शांघायच्या एका मॉलमधली ३३ टनांची शार्क माशांची टाकी फुटली होती आणि डझनभराहून जास्त माणसं जखमी झाली होती. कंपन्यांनी, इंजिनिअरांनी बांधलेल्या टाक्यांची ही गोष्ट.

काचेची टाकी जोडते ती सिलिकॉनची नळी. सगळ्या सामानात ही सर्वांत स्वस्त वस्तू आणि सगळी टाकी तिच्यावरच उभी. टाकीला लागतं ते अ‍ॅसेटिक प्रकारचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नये, त्यातली द्रव्यं माशांना मारक ठरू शकतात. प्रत्येक नळीवरची तारीख स्वतः वाचावी. मुदत संपलेलं सिलिकॉन वरून सुकल्यासारखं दिसतं आणि आत पातळच राहतं.

हे प्रस्तुत लेखकाने डोळ्यांनी पाहिलं. टाकी जोडून झाली, थांबणं झालं आणि चाचणीसाठी पाणी सोडायला सुरुवात केली. स्टँडच्या कडेने, सांध्यांच्या बरोबर खाली, वर्तमानपत्राच्या घड्या अंथरून ठेवल्या होत्या. ओली फरशी पटकन लक्षात येत नाही, ओला कागद येतो. पाणी फूटभर चढल्यावर रात्री काम थांबवलं. सकाळी उजव्या बाजूच्या घडीवर रुपयाएवढा डाग होता. बोट फिरवलं तर सांध्याच्या कडेला मोहरीएवढे थेंब ओळीने लागले होते. टाकी रिकामी करून त्या जागी पातं घातलं, तेव्हा वरची साय घट्ट आणि आतलं सिलिकॉन च्युइंगगमसारखं ओढलं जात होतं. कचऱ्यातून नळ्या काढून पाहिल्या. त्यांतल्या एकीची मुदत कधीच उलटून गेली होती. दुकानातून एकाच खोक्यातल्या म्हणून आलेल्या नळ्या वेगवेगळ्या वेळच्या होत्या.

अशा वेळी वरून आणखी एक थर मारून मोकळं व्हावंसं वाटतं. तो थर टिकत नाही. सुकलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट धरत नाही. सांधा दुरुस्त करायचा तर काच सोडवावी लागते, जुनं सिलिकॉन पात्याने पूर्ण खरवडावं लागतं, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा अ‍ॅसिटोनने पुसून कोरडी करावी लागते आणि मगच नवा सांधा भरता येतो. गळत होती ती बाजूची, तीन फुटी काच होती, वजन तेहतीस किलो, म्हणून बारीक तार ओढून ती सोडवता आली. समोरची किंवा मागची असती तर अठ्ठ्याऐंशी किलोची काच सक्शन कप लावून चौघांनी पेलायची वेळ आली असती. पाणी फूटभरच होतं, म्हणून हे सगळं एका डागावर भागलं. चाचणी टप्प्याटप्प्याने घ्यायची ती यासाठीच.

सांध्याबद्दल आणखी तीन गोष्टी. दोन काचा एकमेकींना टेकू देऊ नयेत. मध्ये दोन-तीन मिलिमीटरची सारखी फट ठेवावी आणि ती सिलिकॉनने काठोकाठ भरावी, कारण ताण घेतो तो हा मधला थर, कोपऱ्यात बोटाने फिरवलेली पट्टी नव्हे. दुसरं, सिलिकॉन हवेतली ओल घेऊन बाहेरून आत सुकत जातं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, आणि जसजसं आत जाईल तसं आणखी सावकाश. सहा मिलिमीटरच्या टाकीला पुरणारे दोन दिवस १९ मिलिमीटरच्या सांध्याला पुरत नाहीत. दोन आठवडे थांबणं शहाणपणाचं. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत आणखी थांबावं. तिसरं, टाकी जागेवरच जोडावी. तीन फूट रुंदीची टाकी दारातून, जिन्यातून, लिफ्टमधून जात नाही आणि गेली तरी उचलताना तिच्या सांध्यांवर जे ताण येतात ते पाण्यानेही येत नाहीत.

चाचणीचा क्रम असा ठेवावा : पाव टाकी, मग अर्धी, मग पाऊण, मग पूर्ण. प्रत्येक टप्प्यावर किमान एक रात्र जाऊ द्यावी आणि दरवेळी स्टँडच्या चारी कोपऱ्यांची पातळी गवंड्याच्या पाण्याच्या लेव्हल पाइपने पाहावी. पूर्ण भरलेली टाकी आठवडाभर तशीच राहू द्यावी. स्टँड आणि टाकी यांच्यामध्ये जाड वॉटरप्रूफ प्लाय आणि त्यावर थर्माकोल असावा. बारीक खडा किंवा वेल्डिंगचा थेंब काचेखाली आला तर थर्माकोल तो पोटात घेतो. मात्र वाकडा स्टँड सरळ करण्याचं काम थर्माकोल करू शकत नाही.

वीज गेल्यावर काय होतं

एवढ्या मोठ्या टाकीला बाहेरून अडकवायचा छोटा फिल्टर पुरत नाही. खाली स्टँडमध्ये दुसरी लहान टाकी, म्हणजे सम्प, ठेवतात. वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून सम्पमध्ये उतरतं, तिथे गाळून होतं आणि रिटर्न पंप ते वर चढवतो. व्यवस्था उत्तम आहे. तिची परीक्षा वीज गेल्यावर होते.

पंप थांबला की रिटर्न पाइप उलटा सायफन होतो आणि पाइपाचं तोंड पाण्याबाहेर येईपर्यंत वरच्या टाकीतलं पाणी खाली ओढत राहतो. आठ बाय तीनच्या पृष्ठभागावर एक इंच पाणी म्हणजे ५७ लिटर. पाइपाचं तोंड चार इंच बुडालेलं असेल तर सव्वादोनशे लिटर पाणी खाली येतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच सम्पमध्ये काठोकाठ २५५ लिटर मावतात आणि चालू असताना तो अर्धा भरलेला असतो. म्हणजे वीज गेल्यावर काही मिनिटांत शंभरेक लिटर पाणी हॉलमध्ये. दुपारी घरात कुणी नसताना.

यावर उपाय फुकटचा आहे. रिटर्न पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छोटं भोक पाडावं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोकात शेवाळ साचतं, म्हणून दर आठवड्याला ते काडीने मोकळं करावं. केवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नये, गोगलगायीचं एक कवच किंवा वाळूचा एक कण अडकला की तो उघडा राहतो. मासे सोडण्यापूर्वी मुद्दाम पंप बंद करून सम्पमधलं पाणी कुठवर चढतं ते पाहावं आणि चालू असतानाची कमाल पातळी सम्पच्या काचेवर पक्क्या शाईने आखून ठेवावी.

विजेची जोडणी पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर असावी. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर चढलेली असावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडतं, बोर्डात शिरत नाही. टाकीच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. वीज बराच वेळ जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारा एअर पंप किंवा इन्व्हर्टरवरची जोडणी ही चैन नव्हे. मोठे मासे ऑक्सिजन झपाट्याने संपवतात.

दर आठवड्याचं पाणी

टाकी बांधणं हा काही महिन्यांचा उत्साह आहे, पाणी बदलणं हे वर्षानुवर्षांचं काम. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं म्हटलं तर चारशे लिटर झालं. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचं नियोजनाचं प्रमाण, म्हणजे चारशे लिटर हे तीन माणसांचं एका दिवसाचं पाणी. वर्षाचे होतात वीस हजारांहून जास्त लिटर, दहा हजार लिटरचे दोन टँकर. ज्या गल्लीत एप्रिल-मे महिन्यांत नळाला एक दिवसाआड पाणी येतं तिथे हा हिशेब कागदावर मांडूनच टाकीचं माप ठरवावं. काढलेलं पाणी झाडांसाठी मात्र फार चांगलं, त्यात नायट्रेट असतं. बागेपर्यंत जाणारा पाइप टाकीबरोबरच टाकून घेतला तर बादल्या वाहाव्या लागत नाहीत आणि पाण्याचा दुसरा उपयोगही होतो.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना जाळतं. ते काढायला सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानांत 'हायपो' नावाने मिळणारे खडे, वापरतात. दोनशे-दोनशे लिटरच्या दोन ड्रममध्ये पाणी आदल्या दिवशी भरून, त्यात एअर पंप सोडून ठेवणं हा आणखी भरवशाचा मार्ग. शंभर वॅटचा पंप अखंड चालला तर महिन्याला ७२ युनिट वीज खातो, हेही आधीच धरून चालावं.

नव्या टाकीत लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या निरोगी टाकीतला स्पंज नव्या सम्पमध्ये ठेवला तर हा काळ बराच कमी होतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतानाही मासे मरू शकतात, म्हणून टेस्ट किट घ्यावा आणि अमोनिया व नायट्राइट शून्य दिसल्यावरच मासे आणावेत, तेही थोडे थोडे.

कोणते मासे, आणि कोणते नाहीत

मोठी टाकी झाली की दुकानदार मोठे मासे दाखवू लागतात. बोटाएवढं लाल शेपटीचं कॅटफिश गोंडस दिसतं. ते चार फुटांच्या आसपास वाढतं. 'शार्क' म्हणून विकला जाणारा पंगॅशियस हा शार्क नव्हेच, तो खाण्यासाठी तळ्यांत वाढवला जाणारा मासा आहे आणि तोही तीन-चार फूट होतो. अ‍ॅलिगेटर गार सहा फुटांपलीकडे जातो. आठ फुटी टाकीही यांच्यासाठी तुरुंगच. सिल्व्हर अरोवाना तीन फुटांच्या जवळ जातो, पण तीन फूट रुंदीत वळू शकतो. त्याला घट्ट झाकण हवं, कारण तो उडी मारून किडे पकडणारा मासा आहे आणि झाकण नसलेल्या टाकीतून सरळ जमिनीवर येतो.

विकत घेतलेला मासा टाकीला न पुरण्याइतका वाढला की लोक त्याला 'मोकळं' करायला नदीवर, तलावावर घेऊन जातात. २०२३ मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात आणि काश्मीरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार सापडला. हा उत्तर अमेरिकेतला मासा तिथवर पोहत गेलेला नाही. काच साफ करण्यासाठी आणलेल्या दक्षिण अमेरिकेतल्या सकर माशाने तर देशभरातल्या नद्या-तलावांत ठाण मांडलं आहे. तो जाळी फाडतो, इथल्या माशांची जागा घेतो आणि त्याला बाजारात कुणी विचारत नाही. आपल्या हौशीचा भुर्दंड नदीला आणि तिच्यावर जगणाऱ्या कोळ्यांना पडू नये, एवढी जबाबदारी मासा घेतानाच स्वीकारायला हवी. मासा फार वाढला तर तो मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाला किंवा परत घेणाऱ्या दुकानाला द्यावा. अशी सोय आहे का, याची चौकशी पैसे देण्याआधी करावी.

आठ फूट पाण्याचं खरं सुख थव्यात आहे. पंचवीस-तीस टिनफॉइल बार्ब किंवा जायंट डॅनिओ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झेपावतात, एकदम वळतात आणि उजेड अंगावरून फिरवत परत येतात. हे चार फुटी टाकीत कधी दिसत नाही, कारण तिथे वेग घ्यायलाच जागा नसते. टिनफॉइल बार्ब फूटभर होतो, तेव्हा ते असतील तर संख्या कमी ठेवावी. डॅनिओ चार-पाच इंचांवर थांबतात.

टाकी चालू झाल्यावर घरात काही वस्तू कायमच्या असाव्यात : एक जादा पंप, मुदतीत असलेल्या सिलिकॉनच्या दोन नळ्या, अंगणापर्यंत पोहोचेल एवढा जाड पाइप, आणि मासे तात्पुरते ठेवता येतील असे झाकणाचे दोन मोठे ड्रम. टाकीचा मुख्य स्विच कोणता आणि ड्रेनचा कॉक कुठे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. गावाला जाताना शेजाऱ्यांनाही ते दाखवावं. मात्र खाण्याचा डबा त्यांच्या हाती देऊ नये. धडधाकट मोठे मासे चार-पाच दिवस उपाशी सहज राहतात. कुणी मायेने मूठभर जास्त टाकलं तर ते तळाशी कुजतं आणि पाणी बिघडतं. त्यापेक्षा एका वेळचं खाणं एकेका पुडीत बांधून त्यावर वार लिहून ठेवावेत आणि डबा कपाटात बंद करून निघावं.